नाणू वाचकाचा आवाज

नाणू वाचकाबद्दल हल्ली कुणीही उठतं आणि काहीही बोलतं. कण्णूरच्या बसस्टँडवर बोलतात, केस कापायच्या दुकानात बोलतात, आणि ज्यांनी त्याला उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही तेच सगळ्यांत जास्त बोलतात. मी देवू. मांडीवर सूप घेऊन, त्याच्या समोर बसून मी अख्खा जन्म विड्या वळल्या. तेव्हा आधी माझं ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

विडीत हात गुंततात, डोळे गुंततात. कान मात्र मोकळे. या मोकळ्या कानांत कुचाळक्या भरण्यापेक्षा काहीतरी बरं भरावं, असं आमच्या आधीच्या लोकांनी ठरवलं. आपल्यातल्याच एकाने वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं. मग वाचणाऱ्याच्या विड्या कोण वळणार? आम्हीच. प्रत्येकाने आपल्या सुपातल्या मूठभर विड्या त्याच्या टोपलीत टाकायच्या, म्हणजे त्याचीही रोजची भरती पुरी. मालकाचा त्यात काडीचा संबंध नाही. सकाळी पेपर, पेज पिऊन झाली की कादंबरी.

नाणूएट्टन आमचा वाचक. एट्टन म्हणजे दादा. तो म्हाताऱ्यांचाही दादा आणि पोरींचाही दादा. शाळा सातवीपर्यंतच. पण आवाज! मोठा नव्हे हं, ओरडका तर मुळीच नव्हे. पण मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या बहिऱ्या कुंजंबूलाही शब्द न् शब्द पोचायचा. त्याची बायको जानकी म्हणायची, "घरी याच्या तोंडातून एक अक्षर निघत नाही गं देवू. सगळे शब्द तुमच्याकडे सांडून येतो आणि मला नुसती मान हलवून दाखवतो."

वाचायचा एक नियम होता, आणि तो नीट ध्यानात घ्या, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. जे छापलंय ते जसंच्या तसं वाचायचं. मध्ये थांबून 'हे खोटं दिसतंय' असं म्हणायचं नाही, नाक मुरडायचं नाही, हसायचं नाही. पुढारी रडला असेल तर रडकं वाचायचं, गरजला असेल तर गरजतं वाचायचं. वाचून झालं की पेपरची घडी करून मांडीवर ठेवायची आणि म्हणायचं, "हं, बोला." मग आम्ही बोलायचो. अहो, काय भांडायचो! एकदा कादंबरीतल्या सुनेने घर सोडलं ते बरोबर की चूक, यावरून दोन दिवस बाया एकीकडे आणि बाप्ये एकीकडे. कुंजंबूने तर तिच्या सासूची बाजू घेतली म्हणून आम्ही त्याला चहा दिला नाही. सगळे बोलून दमले की मग सगळ्यांत शेवटी वाचक. त्याचा आवाज जड, तो आधी बोलला तर बाकीच्यांची तोंडं मिटतील, म्हणून त्याने शेवटी बोलायचं. नाणूएट्टनने हा नियम कधी मोडला नाही.

मग टीव्ही आला. युनियननेच आणला, भिंतीवर टांगला, हार घातला. आठ दिवसांत त्याचा निकाल लागला. वाचन कान मागतं, टीव्ही डोळे मागतो, आणि डोळे मालिकेत असले की विडी ढिली वळली जाते. तपासनीस सुपंच्या सुपं परत फेकायला लागला. "सासू-सुनांचं काय ते घरी बघा," म्हणाला. टीव्ही बंद झाला, त्याच्यावर कॅलेंडर लटकलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकतोय! त्यानंतर फोन आले, आणि फोनला भिंत लागत नाही. विडी ओढणारे कमी झाले, आमच्या तीन खोल्यांची एक खोली झाली, वीस-बावीस जण उरलो. त्यातल्या तरुण पोरी कानांत बोंडं खुपसून बसायच्या. नाणूएट्टन वाचून घडी घालायचा, "हं, बोला" म्हणायचा, आणि मी आणि कुंजंबू, दोघंच बोलायचो. दोघांत कसलं भांडण रंगणार? तो म्हणे हो, मी म्हणे नाही, संपलं.

आता रातुलचं सांगते. हा आसामकडचा पोरगा, तीस-बत्तीसचा असेल. सायकलवर चटया आणि प्लास्टिकच्या बादल्या लादून दारोदार विकायचा. आमच्याकडे मंगळूरच्या पलीकडून आलेला कुणीही असो, तो 'बंगाली', आणि हाक मारायची 'भाई'. तुम्ही आलात तर तुम्हीही बंगालीच. दुपारी विडीखान्याच्या दाराशी सावलीत तो सायकल लावायचा आणि नाणूएट्टनचं वाचन ऐकत बसायचा. आमची भाषा तो तिथेच शिकला, त्यामुळे बोलायचा सगळं कादंबरीतलं. माझ्याकडे पाणी मागताना म्हणायचा, "हे माते, किंचित जल मिळेल काय?" आम्ही हसून हसून लोळायचो. नाणूएट्टनला तो मास्तर म्हणायचा. लहान पोरं दिसली की खिशातून शिट्टी काढून द्यायचा, म्हणजे पोर शिट्टी वाजवत घरी जातं आणि मागून आई बाहेर येते. धंद्याची युक्ती.

पंधरा ऑगस्टला तिठ्यावरच्या वाचनालयात झेंडावंदन झालं आणि मग वादविवादाची स्पर्धा. आमच्या गावाला या गोष्टीची भारी हौस. विषय काय, तर टीव्ही आणि इंटरनेटमुळे समाज मठ्ठ होत चालला आहे का. रिक्षावाला प्रजीश असा काही बोलला म्हणता! "फोनने आपल्या डोक्याला गहाण ठेवलंय, आता माणूस विचार करत नाही, नुसता पुढे ढकलतो!" टाळ्यांचा कडकडाट. त्याला पहिलं बक्षीस, स्टीलचा डबा. मग नाणूएट्टनला दोन शब्द बोलायला लावलं. तो म्हणाला, "मठ्ठ माणसं तेव्हाही होती. मीही होतो. फक्त तेव्हा मठ्ठपणा पन्नास जणांच्या समोर मोठ्याने बोलून दाखवावा लागायचा. पन्नासांतला एक तरी टोकायचा." याला टाळ्या जरा कमीच पडल्या.

दुसऱ्या दिवशी सोळा तारीख. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर निघत नाही. असल्या दिवशी नाणूएट्टन सकाळीच कादंबरी उघडायचा. त्या दिवशी त्याने पिशवीतून पुस्तक काढलं, आणि सजिना म्हणाली, "नाणूएट्टा, पेपर नसला तरी बातमी आहे की. हे वाचा ना. माझ्याने वाचवत नाही, छाती धडधडते."

ही सजिना आमच्यातली सगळ्यांत लहान. नवरा आखातात, घरी सासू आणि सात वर्षांचा निवेद. प्रजीश तिचा दीर. मनाने वाईट नाही हो, पण भित्री. तिने फोन पुढे केला. नाणूएट्टनने चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि पेपर वाचावा तसा वाचला. जसंच्या तसं. उत्तरेकडून पोरं पळवणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, सायकलवर चटया विकायच्या निमित्ताने घरं हेरतात, पोरांना खाऊ आणि खेळणी देतात, पोराला गुंगी आली की पोत्यात घालतात, आतापर्यंत बारा मुलं गेली, पोलिस दडपून टाकताहेत, आईबापांनो जागे व्हा. 'आईबापांनो जागे व्हा' हे त्याने असं वाचलं की माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू!

वाचून झालं. फोनची घडी घालता येत नाही, म्हणून त्याने तो मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "हं, बोला."

कुणी बोललं नाही. कुंजंबू तापाने घरी होता. मी म्हटलं, "चटया म्हणजे आपला भाई की काय? काहीतरीच!" पण पोरींचं लक्ष कुठे होतं? प्रत्येकीचा अंगठा आपापल्या फोनवर. सजिनाने शेजारी बसलेल्या पोरीच्या फोनवर त्याचं वाचन पकडून ठेवलं होतं, म्हणजे आवाज भरून घेतला होता. तेवढंच. 'हं, बोला'च्या अलीकडचं. मग तिने ते आपल्या फोनवर घेऊन दिराला धाडलं, दिराने रिक्षावाल्यांना, त्यांनी आणखी कुणाकुणाला. वर लिहिलं, 'नाणू वाचकाने स्वतः वाचलेलं, खात्रीचं.'

नाणूएट्टन वाट बघत होता. आम्ही बोलल्याशिवाय त्याने बोलायचं नाही ना! त्याच्या ओठांवर काहीतरी होतं, मला दिसलं. पण कुणी तोंड उघडेना, म्हणून त्याचीही पाळी आली नाही. शेवटी त्याने सजिनाला फोन परत दिला आणि कादंबरी उघडली. जळो तो नियम!

चारच्या सुमाराला सजिनाचा फोन वाजला. सासू. निवेद शाळेतून आला, दप्तर टाकलं, आणि दिसत नाही. आणि तो चटईवाला आत्ताच गल्लीतून गेला.

सजिनाने जी किंकाळी फोडली! सूप उलटलं, तंबाखू जमिनीवर सांडली. "माझं लेकरू नेलं त्याने! माझं लेकरू!"

"कोण म्हणतं नेलं म्हणून?" नाणूएट्टन उठला. "आधी शेजारीपाजारी बघा."

"तुम्हीच वाचलंत ना सकाळी!" ती त्याच्या अंगावर ओरडली आणि धावत सुटली.

नाणूएट्टनचा चेहरा तेव्हा मी पाहिला. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा. चपला शोधायलाही तो थांबला नाही. तिच्या मागून तो, त्याच्या मागून मी, अनवाणी. चहाच्या टपरीपाशी पोचलो तर आतून नाणूएट्टनचाच आवाज. "बारा मुलं गेली." टपरीवाला फोन कानाशी धरून ऐकत होता. पुढे शिंप्याच्या दुकानात तोच आवाज. "पोलिस दडपून टाकताहेत." धक्क्यापाशी दोन मासे विकणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून ऐकत उभ्या. "आईबापांनो जागे व्हा." आम्ही धावतोय आणि त्याचा आवाज आमच्या पुढे, पुढे, सगळीकडे आधीच पोचलेला. नाणूएट्टन टपरीवाल्याला ओरडून म्हणाला, "बंद कर ते, खोटं आहे!" टपरीवाला त्याच्याकडे बघून म्हणाला, "हो हो, नाणूएट्टा, तिठ्यावर पकडलंय त्याला, पळा लवकर!"

तिठ्यावर शे-दोनशे माणूस. वाचनालयाच्या दारातच. आदल्या दिवशीच्या कागदी पताका अजून टांगलेल्या. विजेच्या खांबाला रातुलला त्याच्याच चटयांच्या दोरीने बांधलं होतं. बादल्या फुटलेल्या, सायकल वेडीवाकडी. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. आणि त्या स्थितीतही तो पोरगा आमच्या कादंबरीतल्या भाषेत म्हणत होता, "सज्जनहो, मी निरपराध आहे. दया करा." रोज ज्याला आम्ही हसायचो त्यावर त्या दिवशी कुणी हसलं नाही. उलट एक जण म्हणाला, "बघा, किती पढवून पाठवलंय!"

त्याने गर्दीत नाणूएट्टनला पाहिलं. "मास्तर!" तो ओरडला. "मास्तर, यांना सांगा!"

प्रजीशच्या हातात काठी. तो वळला आणि त्याचा चेहरा उजळला. "आलात नाणूएट्टा? वाट करा रे, वाट करा! सांगा यांना, हाच ना तो?"

"हा नव्हे! अरे हा रातुल आहे, आपला भाई! तुम्ही सगळे याच्याच चटयांवर झोपता!"

"तुम्हीच वाचलंत. सायकल, चटया, उत्तरेचा माणूस, पोरांना खेळणी. याच्या खिशात सात शिट्ट्या निघाल्या!"

"मी नुसतं वाचलं रे! त्यावर बोलायचं राहिलं होतं!"

"वाचलं ना? मग झालं तर!" आणि त्याने खिशातून फोन काढून उंच धरला. गर्दीच्या डोक्यावरून नाणूएट्टनचा आवाज घुमला, शांत, स्वच्छ, ठाम. आणि खाली हा खरा नाणूएट्टन, धापा टाकतोय, थुंकी उडतेय, शब्द फुटतोय. सांगा बघू, लोक कुणाचं ऐकतील?

मागून दगड आला. नाणूएट्टन खांबाकडे धावला आणि रातुलच्या अंगावर पसरला. "हाणायचं तर मला हाणा! आवाज माझा आहे!" ओरडत राहिला, पुन्हा पुन्हा तेच, घशाच्या शिरा तट्ट फुगल्या. एक काठी त्याच्या मानेवर बसली. दुसरी खांद्यावर. कुणी मुद्दाम मारल्या असं मी म्हणत नाही. गर्दीतल्या काठीला डोळे नसतात.

माझ्या कमरेला विडीची कात्री होती. मी वाकून दोरी कापायला लागले. कुणीतरी माझे केस धरून ओढले. बघते तर प्रजीश. मी म्हटलं, "मेल्या, तू जन्मलास तेव्हा नाळ कापायला माझी आई होती. काल डबा जिंकलास ना रे भाषण ठोकून? तोच डबा घाल आता डोक्यात!" त्याने केस सोडले, पण काठी सोडली नाही.

तेवढ्यात मागून बायकांचा गलका. सजिनाची शेजारीण निवेदला दंडाला धरून ओढत आणत होती. पोरगा रडत होता, त्याला वाटलं आपल्यालाच मार पडणार. तिच्या घरी दार लावून, पंखा चालू, आवाज मोठा, टीव्हीवर कार्टून बघत बसला होता. आजी गल्लीभर हाका मारत फिरली, याला ऐकूच गेलं नाही.

सजिना त्याच्यावर झडप घालून रडायला लागली. सगळं एकदम शांत. मला वाटलं, सुटलो रे देवा. नाणूएट्टन अजून रातुलच्या अंगावरच होता, मी त्याला उठवायला हात दिला. आणि त्या शांततेत गर्दीतून एक आवाज आला, चांगला शिकल्यासवरलेल्या माणसाचा. "हा सापडला. पण त्या बारा पोरांचं काय?"

खरं सांगते, त्या दिवसातली सगळ्यांत भयंकर गोष्ट कुठली असेल तर ती ही. पोर डोळ्यांसमोर उभं आहे, आणि माणसं पुन्हा खांबाकडे सरकली! बारा पोरं कुठली, कुणाची, कुणी पाहिली? कुणीच नाही. पण ती ऐकली होती ना, नाणू वाचकाच्या तोंडून! काठ्या परत उचलल्या गेल्या. मी डोळे मिटले आणि रातुलच्या पायांना मिठी मारली.

पोलिसांची जीप आली म्हणून आज मी हे सांगायला जिवंत आहे. शिट्टी वाजली तशी तीच गर्दी पाखरांसारखी उडाली. फौजदाराने विचारलं, कुणी सुरू केलं हे? पाच-सात जण उरले होते, सगळ्यांचे फोन खिशात. प्रजीश म्हणाला, मी तर सोडवायला आलो होतो. नाणूएट्टनने हात वर केला. बोलता येईना, तेव्हा हाताने आधी प्रजीशच्या खिशातल्या फोनकडे दाखवलं आणि मग स्वतःच्या गळ्याकडे.

रातुल वाचला. डावा डोळा गेला. जबड्यात तार घातली, त्यामुळे पातळ पेजच पिता येते. त्याचा भाऊ आसामहून आला, पण त्याला आमची भाषा येत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा नाणूएट्टन आणि मी जिल्ह्याच्या इस्पितळात जातो. डॉक्टरांनी नाणूएट्टनच्या घशातही नळी घालून पाहिली. म्हणाले, आतला पडदा फाटलाय, पूर्वीचा आवाज आता विसरा. आता तो बोलतो ते नारळाच्या सोडणाने भांडं घासल्यासारखं. जानकी त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "घरी बोलत नाही म्हणून मी किती टोमणे मारले गं याला."

सजिना रोज रडते. मला एच्ची म्हणते ती, म्हणजे ताई. म्हणते, मी पुसून टाकलं एच्ची, मी पुसून टाकलं. पुसलं म्हणे! स्वतःच्या फोनमधलं पुसलं. चूल विझवली आणि वणवा विझला असं झालं. आम्ही तिच्याच फोनवर नाणूएट्टनकडून वदवून घेतलं, की मी वाचलेलं ते खोटं होतं, टोळी नाही, बारा पोरं नाहीत, त्या दिवशी एका निरपराध माणसाचा डोळा गेला, कृपा करून हे सगळ्यांना पाठवा. त्या घोगऱ्या आवाजात एवढं बोलायला त्याला चार वेळा थांबावं लागलं. सजिनाने सगळीकडे धाडलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पुढे कुणी ढकललं नाही. त्यात भ्यायचं काही नव्हतं, मग कोण ढकलणार?

गेल्या मंगळवारी आम्ही बसने इस्पितळाला निघालो. माझ्या मांडीवर पेजेचा डबा, नाणूएट्टन कडेला. पुढच्या बाकावर एक तरुण बाई, तिच्या मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. चांगल्या घरची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. पोराची टोपी खाली पडली, ती नाणूएट्टनने उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. पोरगा हसला. नाणूएट्टनही हसला, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

मग त्या बाईने फोन लावला आणि पोराला म्हणाली, "हे ऐक सोन्या, अनोळखी माणसांशी बोललं की काय होतं ते." आणि बसमध्ये नाणूएट्टनचा आवाज सुरू झाला. उत्तरेकडून पोरं पळवणारी टोळी. तोच स्वच्छ, ठाम आवाज, जो आता जगात कुठेच नाही, फक्त तिथे आहे. त्यात आता सुरुवातीला आमच्या जिल्ह्याऐवजी दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव होतं. कुणीतरी ते नंतर चिकटवलं होतं.

नाणूएट्टन दांडा धरून उभा राहिला. "बाई, ते खोटं आहे. ते लावू नका."

"काय म्हणताय?" तिला शब्दच कळेना.

"तो आवाज माझा आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, वाईट नव्हे, म्हाताऱ्याला हसावं तशी. "आजोबा, तुम्हाला धड बोलता येत नाही. ऐका तरी तो माणूस किती नीट वाचतोय. असा माणूस खोटं सांगेल का?"

मला राहवेना. मी म्हटलं, "अगं बाई, तोच आहे हा! माझं ऐक, मी समोर बसले होते. माणसाचा डोळा गेला त्याच्यापायी!"

मी जरा जोरात बोलले असेन. माझा स्वभावच तसा. नाणूएट्टन आणखी पुढे वाकला, तिला ऐकू जावं म्हणून, आणि तोल सावरायला त्याचा हात तिच्या बाकावर, पोराच्या खांद्यापाशी टेकला. बाईचं हसू गेलं. तिने पोराला ओढून छातीशी घेतलं, त्याच्या डोक्यावरची टोपी काढून खिडकीबाहेर फेकून दिली, आणि ओरडली, "कंडक्टर! हे दोघं मघापासून माझ्या मुलाच्या मागे लागलेत!"

सगळी बस वळून आमच्याकडे बघायला लागली. मागच्या बाकावरचा एक जण उठून उभा राहिला. दुसऱ्याने फोन काढून आमच्या तोंडासमोर धरला. आणि बाईच्या हातात तो आवाज अजून चालूच होता, शेवटच्या ओळीवर आला होता.

नाणूएट्टनने माझं मनगट धरलं. "देवू," तो म्हणाला, "काही बोलू नकोस. उतर."